गर्जना तेवढी ठेवली

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना उसासे टाकावेत, ‘गेले ते दिवस’ म्हणावं आणि मग मुलांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी रीत आहे. माझ्या कपाटात वरच्या फळीवर एक स्पूलचा टेपरेकॉर्डर राहतो, तो हे सगळं अगदी बिनचूक करतो. मला ते जमत नाही. ज्या गोष्टीचा मला इतक्या वर्षांनीही राग येतो, तीच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात कांद्याच्या सालीहूनही पातळ असा एक पापुद्रा आहे आणि त्यावर सोन्याचा मुलामा आहे. समोर कुणी बोललं की तो थरथरतो आणि ती थरथर मी तारेतून पुढे पाठवतो. माझं काम एवढंच. मी काही साठवून ठेवत नाही. जे येतं ते जसंच्या तसं पुढे जातं, त्यात मी पदरचं घालत नाही की काही लपवत नाही.

जहाजातून मी मद्रास बंदरात उतरलो. चेन्नईला तेव्हा मद्रासच म्हणत. वडपळनीच्या एका स्टुडिओत मला गाण्यांसाठी बसवलं. काय थाट होता माझा! आयुधपूजेला, म्हणजे तुमच्या खंडेनवमीला, माझ्या उभ्या दांड्याला चंदन-कुंकू लावत, समोर चुरमुरे आणि केळी ठेवत आणि स्टुडिओच्या दारात कुंकू भरलेला कोहळा फोडत. मोठमोठ्या गायिका गाण्याआधी मला नमस्कार करत. मग नवे माईक आले आणि माझी रवानगी मागच्या डबिंगच्या खोलीत झाली. म्हणजे पडद्यावर तोंड एकाचं हलतं आणि आवाज दुसऱ्याचा भरायचा, ते काम. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. बसायला खोली होती आणि ऐकायला माणसं होती.

त्या माणसांत एक कृष्णाजी राव होते. त्यांचं घर तिरुवल्लिकेणीला, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत. पूर्वज तंजावरचे. घराबाहेर तमिळ आणि घरात मराठी, असं त्यांच्याकडे कित्येक पिढ्या चाललं होतं. दिवसा रेल्वेच्या कचेरीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी आमच्याकडे यायचं, असा त्यांचा नेम होता. ते गर्दीचे आवाज देत. पाच-सहा माणसं माझ्याभोवती अर्धवर्तुळात उभी राहत आणि बघता बघता बाजार भरवत, लग्न लावत, दंगल पेटवत. त्या टोळीचे कृष्णाजी मुकादम. कण्हणं, खोकणं, सुरा लागल्यावरची किंकाळी, हे तर त्यांच्या हातचा मळ. तीस वर्षांत ते माझ्यासमोर तीनशे वेळा तरी मेले असतील. पण जिवंत माणसाचं एक पानभर बोलणं त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही.

दोन हजार सहा साली ते आलं. स्टुडिओच्या मालक तेव्हा त्रिपुरसुंदरी अम्मा होत्या. नवऱ्याच्या मागे त्यांनी एकटीने स्टुडिओ उभा ठेवला होता आणि हे मी मान्य करतो, बाई कामाला वाघ होती. त्यांच्याकडे एक परदेशी टीव्ही-सिनेमा आला. दोन तासांचा, लहान मुलांच्या आवडीचा, अचाट शक्तीच्या माणसाचा. तमिळ आणि तेलुगू झालं. मग एका मराठी वाहिनीने विचारलं, मराठीत करून द्याल का? अम्मांनी हो म्हणून टाकलं आणि मग काचेपलीकडे बसलेल्या सुंदरला, म्हणजे आमच्या ध्वनिमुद्रकाला, विचारलं, “आपले कृष्णाजी घरात मराठीच बोलतात ना?”

“हो अम्मा.”

“मग मुंबईची माणसं कशाला? बोलव त्यांना.”

अम्मांना मराठी म्हणजे एकच मराठी वाटली. ही चूक मी त्यांच्या पदरात घालत नाही. त्यांना कोण सांगणार होतं? कृष्णाजींनाही तसंच वाटत होतं.

सिनेमाची गोष्ट ऐका, म्हणजे पुढचं समजेल. डॉक्टर हेडन नावाचा एक शास्त्रज्ञ गारठ्याने झडलेली बोटं बरी करणारं औषध शोधत असतो. प्रयोगशाळेत अपघात होतो आणि ते औषध त्याच्याच रक्तात जातं. तेव्हापासून थंडी भरली की त्याचं अंग फुगतं, कातडी राखेच्या रंगाची होते, बळ हत्तीचं येतं आणि वाचा जाते. नुसती गर्जना उरते. पोलीस मागे लागतात, कारण त्या अवस्थेत त्याने एक पूल मोडलेला असतो. मग हा बिचारा उन्हाच्या गावांना पळत सुटतो, खाणावळीत भांडी घासतो, नाव बदलतो आणि आपल्यावरचा उतारा शोधतो. पुन्हा नुसता माणूस व्हावं, एवढीच त्याची इच्छा.

कृष्णाजींनी गोष्ट ऐकली आणि सुंदरला म्हणाले, “तंबी, हा गडी आमच्या मद्रासेंत आला असता तर सिनेमाच झाला नसता. इकडे थंडी कुठून आणावयाची?”

इंग्रजी संहिता ते घरी घेऊन गेले. त्यांची मुलगी भव्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. ती इंग्रजी वाचून अर्थ सांगायची आणि कृष्णाजी मराठी करायचे. देवनागरी त्यांना अडखळत वाचता येई, म्हणून त्यांनी सगळे मराठी संवाद तमिळ अक्षरांत एका वहीत उतरवले. ही वही घेऊन ते माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. सुंदरला सांगत होते, “माझी लेक घरांत मराठी बोलावयास लाजत असे. तमिळ नाही तर इंग्रजी. आतां तीन रविवार झाले, माझ्यापाशी बसून विचारते, अप्पा, ह्यास काय म्हणावें, त्यास काय म्हणावें. टीव्हीवर येऊं दे म्हणाली, माझ्या ऑफिसांतल्या सर्वांस सांगेन.”

पाच दिवस काम चाललं. मित्रांनो, मी कितीतरी मोठमोठ्या नटांचे आवाज ऐकले आहेत, तेव्हा माझ्या बोलण्याला वजन आहे असं समजा. असं काम मी ऐकलं नव्हतं. तीस वर्षं ज्याला फक्त मरायला बोलावलं, तो माणूस बोलायला लागला होता. कुठे आवाज चढवायचा नाही, कुठे ओठाशी ठेवायचा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी हेडनला उतारा सापडतो. तो बर्फात उभा राहतो, थरथर कापतो आणि तसाच राहतो, माणूसच राहतो. तिथे त्याचं एकच वाक्य आहे. कृष्णाजी म्हणाले, “थंडी वाजत आहे मज. नुसती थंडी.”

एका टेकमध्ये झालं. काचेपलीकडे सुंदरने हेडफोन काढून ठेवला. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तरी त्याने बटण दाबून म्हटलं, “मला कळलं, सार.”

सिनेमा वाहिनीकडे गेला आणि आठ दिवसांत अम्मांना फोन आला. हे काय पाठवलंत? प्रेक्षक हसतील. हा शास्त्रज्ञ आहे की तमाशातला राजा? तुमच्या शहरात कुणी नीट मराठी बोलणारा असेल तर त्याला दाखवा आणि सुधारून पाठवा. सोमवार ही शेवटची तारीख आहे.

अशा रीतीने मकरंद आले. ते पुण्याचे, बँकेत अधिकारी, बदली होऊन आलेले आणि वेलचेरीला एका नव्या इमारतीत राहणारे. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ते नाटकं करत. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. दोन शिव्या हासडून मी मोकळा झालो असतो. सभ्य, हसतमुख, वेळेवर येणारा माणूस होता. खुर्चीत बसून त्यांनी ऐकायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला ते हसले. हसून लगेच तोंडावर हात ठेवला, पण दाराशी कृष्णाजी उभे होते आणि त्यांनी ते पाहिलं.

“काका, प्लीज गैरसमज करून घेऊ नका,” मकरंद म्हणाले. “तुमचा आवाज अप्रतिम आहे. पण ही भाषा... अशी कुणी बोलत नाही हो आता.”

“आम्ही बोलतों,” कृष्णाजी म्हणाले.

“तसं नाही. चुकीची आहे असं मी म्हणतच नाही. जुनी आहे.”

“जुनी म्हणजे टाकून द्यावयाची काय? आमच्या आजोबांनी, पणजोबांनी हीच राखिली. इतक्या दूर येऊन राखिली.”

मकरंदांनी अम्मांकडे पाहिलं. अम्मांनी घड्याळाकडे पाहिलं. मग मकरंदांनी तिथेच बसून पहिलं पान देवनागरीत नव्याने लिहून काढलं आणि कृष्णाजींच्या हातात दिलं. कृष्णाजी माझ्यासमोर उभे राहिले. एकेक अक्षर जुळवत ते वाचू लागले आणि पडद्यावरचा हेडन वाक्य संपवून निघूनही गेला. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं. मी त्यांच्या इतका जवळ होतो की त्यांच्या श्वासातली लाज मला ऐकू येत होती. चौथ्या वेळी अम्मा म्हणाल्या, “पोदुम, कृष्णाजी. पुरे.” आणि मकरंदांना म्हणाल्या, “सार, तुम्हीच का बोलत नाही?”

मकरंद नाही नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी घसा साफ केला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

बोलले ते बरे. खोटं कशाला सांगू? स्वच्छ, घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखं मराठी होतं. पण डॉक्टर हेडन पळून थकलेला माणूस आहे आणि हा माणूस आयुष्यात कधी पळालेला नव्हता, एवढं माझ्या पापुद्र्याला पहिल्याच वाक्यात कळलं. मला कुणी विचारलं नाही.

मकरंदांना एक गोष्ट मात्र जमेना. ती म्हणजे गर्जना. त्यांनी तोंड उघडलं की मंडळाच्या नाटकातला राक्षस बाहेर पडायचा. आणि वाहिनीचा आणखी एक निरोप होता, की आधीच्या गर्जना फार मवाळ आहेत, त्यांत माणूस ऐकू येतो. तो ऐकू येता कामा नये. मोठ्या करा.

“गर्जना कृष्णाजी करतील,” अम्मा म्हणाल्या.

शब्द काढून घेतलेल्या माणसाला असं सांगताना निदान नजर चुकवावी. अम्मांनी चुकवली नाही, कारण त्यांना यात काही वावगं दिसलंच नाही. सिनेमात सतरा ठिकाणी गर्जना होत्या. शुक्रवारी कृष्णाजी आले. सुंदर त्यांना हळूच म्हणाला, “सार, नाही म्हणा. तुमचं वय बघा. दुसरा कुणी पोरगा आणू.”

कृष्णाजी म्हणाले, “शब्द तर गेले, तंबी. ही गर्जना तरी माझी राहूं दे. टीव्हीवर माझा आवाज येणार म्हणून लेकीस सांगून बसलों आहें.”

शुक्रवारी वीस टेक झाले. थंडी भरते, हेडन कण्हतो, कण्हण्याचं गुरगुरणं होतं आणि मग पोटाच्या तळापासून ती गर्जना उठते. पहिल्या दिवशी ती ऐकून बाहेरच्या चहावाल्यानेही आत डोकावून पाहिलं. अम्मा म्हणाल्या, अजून मोठी. शनिवारी सकाळी ते आले तेव्हा आवाज बसलेला होता. बाराव्या गर्जनेच्या जागी सुंदर म्हणाला, लेव्हल उतरते आहे. अम्मा त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून वाहिनीशी फोनवर बोलत होत्या. त्यांनी बोट वर करून फिरवलं, म्हणजे चालू ठेव.

मी माणसाच्या गळ्याच्या चार बोटांवर असतो, मित्रांनो. काचेपलीकडच्यांना ऐकू येत नाही ते मला येतं. त्या दिवशी एका आवाजाचे दोन धागे झालेले मी ऐकले. मग त्यातला एक विरत गेला. प्रत्येक गर्जनेनंतर कृष्णाजी रुमाल तोंडाला लावत आणि घडी घालून खिशात ठेवत. शेवटी शेवटी रुमालाची घडी बदलून ठेवत. एकेचाळिसावा टेक झाला. अम्मांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, “सूपर. यात माणूस अजिबात वाटत नाही.”

संध्याकाळी सुंदरने मला मऊ कापडाने पुसलं. चेन्नईची हवा दमट, माझा पापुद्रा नाजूक, म्हणून माझ्या पेटीत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवलेली असते. ती त्याने बदलली आणि पेटीचं झाकण हलकेच लावलं. माझी अशी काळजी रोज घेतली जात असे. कृष्णाजी एकटेच चालत बसस्टॉपवर गेले.

डॉक्टरांनी सांगितलं, घशातल्या पडद्यावर रक्त उतरलं आहे, तीन महिने मौन पाळा. कृष्णाजींनी चार महिने पाळलं. त्यानंतर तोंड उघडलं तर नुसता वारा आला. व्रण धरला होता. शस्त्रक्रिया झाली तरी आवाज येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून कृष्णाजी कुजबुजतात. अम्मांनी त्यांच्या घरी फळांची टोपली पाठवली. डाळिंबं निवडक होती, असं स्टुडिओत सगळे सांगत होते. मला विचाराल तर ती टोपली उचलून फेकावीशी वाटली, पण मला हात नाहीत.

सिनेमा एका रविवारी सकाळी लागला. ती वाहिनी तिरुवल्लिकेणीच्या केबलवर दिसत नव्हती, म्हणून मकरंदांनी कृष्णाजींना आणि भव्याला वेलचेरीला आपल्या घरी बोलावलं. हे मला नंतर कळलं. मकरंद दुसऱ्या कामासाठी आले होते. आता आमच्याकडचं मराठी सगळं त्यांच्याकडेच जाऊ लागलं होतं. टेकच्या मधल्या वेळात ते सुंदरला इंग्रजीत सांगत होते, “शेवटी नावं आली ना, त्यात फक्त माझं होतं. मला इतकं अवघडल्यासारखं झालं! आणि काकांनी काय करावं? ते बर्फातलं वाक्य आलं, ‘मला थंडी वाजतेय, फक्त थंडी’, तर काकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. फार मोठ्या मनाचा माणूस आहे.”

मोठं मन! ज्याचं नुकसान आपण केलं त्याला मोठ्या मनाचा म्हटलं की आपलं काम संपतं. मकरंदांचे डोळे भरून आले होते आणि खरेच भरले होते. डोळे पुसून त्यांनी पुढचा टेक दिला. मी त्यांचा आवाज इमानदारीने पुढे पाठवला, कारण मला दुसरं काही करताच येत नाही. पण त्या दिवशी एखादी तार तुटून मी बंद पडावं, असं मला फार वाटलं.

आता शेवटचं.

वर्षभराने भव्या स्टुडिओत आली. मी तिला प्रथमच पाहत होतो. उंच, सरळ बोलणारी मुलगी. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यातच होतं. सुंदरशी ती तमिळमध्ये बोलत होती. म्हणाली, “अण्णा, त्या सिनेमाचं अप्पांचं पहिलं काम मला हवं आहे. पाच दिवस केलं होतं ते.”

सुंदर म्हणाला, “कशाला, मा?”

“घरात अप्पांचा आवाजच नाही. फोटो आहेत. बहिणीच्या लग्नाची कॅसेट आहे, पण तीत ते कुठेच बोलत नाहीत, नुसते पंगतीत वाढत असतात. वही माझ्याकडे आहे. सगळे शब्द आहेत. पण तो शब्द म्हणायचा कसा, हे मी विचारलं की अप्पा सांगतात ते कुजबुजून. त्यातून सूर कळत नाही. मला तो शिकायचा आहे.”

सुंदर उठलाच नाही. मान खाली घालून त्याने सांगितलं की डिस्क भरली होती, वाहिनीने नाकारलेलं काम ठेवून काय करायचं म्हणून अम्मांनी पुसायला सांगितलं आणि त्याने पुसलं. भव्याने विचारलं, “काहीच नाही?”

“गर्जना आहेत,” सुंदर म्हणाला.

त्या ठेवल्या होत्या. का ठेवल्या होत्या, ते ऐका. त्या वापरात होत्या. तेलुगू मालिकेतल्या वाघाला त्या लावल्या होत्या, एका कार्टूनमधल्या अस्वलाला लावल्या होत्या, पौराणिक मालिकेतल्या दोन असुरांना लावल्या होत्या. कृष्णाजी घरात कुजबुजत होते आणि त्यांचा घसा दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर ओरडत होता. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

भव्या म्हणाली, “लावा.”

“मा, ते ऐकवणार नाही तुला.”

“लावा, अण्णा.”

सुंदरने कच्चं मुद्रण लावलं, कापाकापी न केलेलं, पहिल्या टेकपासून. भव्या खुर्चीत ताठ बसली होती. एकामागून एक गर्जना येत होत्या. पंधरा झाल्या, वीस झाल्या. शनिवारच्या सुरू झाल्या आणि आवाज फाटू लागला, तेव्हा तिने खुर्चीचा हात धरला. एकोणतिसाव्या टेकला गर्जनेच्या आधी थोडी शांतता होती. कुणीतरी घसा खाकरला. आणि कृष्णाजींचा आवाज आला. बसलेला, पण त्यांचाच, तंजावरचा हेल असलेला, अगदी साधा बोलण्याचा आवाज.

“सुंदर, थोडें पाणी मिळेल काय रे? मग करूं.”

त्यानंतर लगेच, मुद्रण चालू असल्याचं सांगणारा सुंदरचा आवाज होता. “रोलिंग, सार.” आणि मग गर्जना.

भव्याने हात वर केला. सुंदरने मुद्रण थांबवलं. “पुन्हा,” ती म्हणाली. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा पाणी, पुन्हा रोलिंग. तिने पाच वेळा ऐकलं. पाचव्या वेळी तिने ते वाक्य ओठांतल्या ओठांत बापाबरोबर म्हटलं, त्याच सुरात, हेल सांभाळून. मग सुंदरला मराठीत विचारलं, “म्हणजे काय, ठाऊक आहे तुम्हांस?” आणि तमिळमध्ये त्याचा अर्थ सांगितला.

सुंदरला त्या शनिवारी तो अर्थ कळला नव्हता, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, कृष्णाजी त्या क्षणी चुकून घरच्या भाषेत बोलून गेले होते. एरवी ते त्याच्याशी तमिळच बोलत; ते बोलणं मी तुम्हाला त्यांच्या घरच्या मराठीत सांगितलं. पण काचेपलीकडे कोरडा पडलेला घसा खाकरून एक म्हातारा माणूस काहीतरी मागतो आहे, हे कळायला कुठली भाषा लागते? आणि कळलं असतं तरी काय? बूथमध्ये, म्हणजे मी असतो त्या काचेच्या खोलीत, पाणी न्यायला बंदी होती. दारावर तशी पाटी होती. पाणी सांडलं तर जर्मन माईक खराब होईल म्हणून. प्यायचं तर बाहेर पडून जिना उतरून खालच्या माठाशी जावं लागे. त्यात दहा मिनिटं जात, आणि अम्मांचं बोट फिरत होतं. म्हणजे मला जपण्यासाठी केलेल्या नियमाखाली तो घसा गेला. हा राग मी कुणावर काढू?

सुंदर उठला, बाहेर गेला. पाण्याचा पेला भरून त्याने तो पाटी लावलेल्या दारातून आत आणला आणि तो कुणाला द्यायचा हे न कळून हातात धरून उभा राहिला. भव्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने ते एवढंच वाक्य सीडीवर घेतलं. गर्जना घेतल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला जपा, ओल लागू देऊ नका, धूळ बसू देऊ नका, असं मी तुम्हाला सांगायला हवं. आत्मवृत्तात तसंच सांगतात. मी नाही सांगणार. मला आयुष्यभर जपलं. माझ्या पापुद्र्यावर अजून एक ओरखडा नाही, आणि याची मला शरम वाटते. तुमच्या घरात, शेजारात कुणी वेगळ्या हेलाने तुमचीच भाषा बोलत असेल, तर हसू आलं तरी आधी त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. तो काय सांगतो आहे ते ऐका. कदाचित तो फार थोडं मागत असेल.

आणि मला काही ऐकू आलं नसेल, असं समजू नका. त्या शनिवारी कृष्णाजींनी पाणी मागितलं, ते मी चार बोटांवरून स्वच्छ ऐकलं आणि जसंच्या तसं पुढे पोचवलं. त्या खोलीत ऐकण्याचं काम माझ्या एकट्याचं नव्हतं.